क्लाराने साडी नेसली

आमच्या आळीत रोज लाल लुगडं नेसणारी आता एकच बाई उरली आहे, ती म्हणजे क्लारा. वय सत्तर, गुडघे कुरकुरणारे, जीभ मात्र ठणठणीत. मी ॲंजेला, तिची शाळेपासूनची मैत्रीण. तिच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं, पण लिहायला बसलं की माझ्याबद्दलही लिहावं लागणार हे कळायचं आणि मी उठून चहा करायला जायचे. आज चहा करून झाला आहे, तेव्हा लिहिते.

एक आधीच सांगून ठेवते. घरी आम्ही कादोडी ही आमची वसईकडची बोली बोलतो. ती कागदावर उतरवायला गेलं की तिचा जीव जातो, म्हणून आमचं बोलणं इथे साध्या मराठीत देते आहे. आळीतल्या कुणी ओठ काढू नयेत.

तर गेल्या वर्षी, राखेच्या बुधवारच्या आधीच्या शनिवारी, आमच्या चर्चच्या हॉलमध्ये ऐतिहासिक वेशभूषेचा बॉल ठरला. त्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ सुरू झाला की नाचगाणं बंद, लग्नं बंद, म्हणून त्याआधी एकदा सगळ्यांनी पाय मोकळे करून घ्यायचे. दर वर्षी साधाच बॉल असतो. या वेळी ‘वसईची चारशे वर्षं’ ही कल्पना काढली ॲनिशाने. ॲनिशा म्हणजे क्लाराची एकुलती एक मुलगी आणि माझी धर्मकन्या. कॉलेजात इतिहास शिकवते, वसई रोडला फ्लॅटमध्ये राहते, आणि कुठल्याही कमिटीत गेली की आठ दिवसांत तिची अध्यक्ष होते.

ती क्लाराकडे आली तेव्हा आम्ही तिघी मागच्या पडवीत वालाच्या शेंगा सोलत बसलो होतो. तिसरी एलिसा. ती उमेळ्याला दिलेली. नवऱ्याबरोबर बारा वर्षं कुवेतला काढून आली, आता जिथे तिच्या सासऱ्याची चिकूची बाग होती तिथेच सातव्या मजल्यावर राहते आणि आमच्याकडे हवा खायला येते.

“मम्मी, तू स्टेजवर बसायचंस,” ॲनिशा म्हणाली. “लुगड्यात. माइकवर कॅल्विन असणार आहे, तो तुझी ओळख करून देईल. मग तू लुगडं कसं नेसायचं ते दाखवशील, आणि मी दोन शब्द बोलेन. लोकांना बघायला मिळेल.”

“लोक मला रोज बघतात,” क्लारा म्हणाली. “बाजारात बघतात, बस स्टॉपवर बघतात. स्टेज कशाला पाहिजे?”

“हा आपला इतिहास आहे, मम्मी.”

“पत्रिकेत काय लिहिलंय ते वाच.”

ॲनिशाने वाचलं. ‘आता कुणीही वापरत नाही असा कोणत्याही काळातला पोशाख करून यावे.’

“कुणीही वापरत नाही,” क्लारा म्हणाली. “आणि मी काय नेसलेय मग? तुमच्या नियमात माझं लुगडं बसत नाही. मी येईन बॉलला, पण दुसरं काहीतरी नेसून येईन. आणि स्टेजवर चढणार नाही. मी अजून मेलेली नाही.”

एलिसा हसून हसून शेंगांवर पडली. ॲनिशा हसली नाही. तिचा चेहरा असा पडला की मला वाटलं, हिला त्या स्टेजवरून नुसती आई दाखवायची नव्हती, आईला काहीतरी सांगायचंही होतं. काय सांगायचं असेल याचा मला अंदाज होता. मी मान खाली घालून शेंगा सोलत राहिले.

आता क्लाराचं आधीचं सांगते.

लग्न झालं की फ्रॉक सुटायचा आणि लाल लुगडं यायचं, ही आमच्या वेळची रीत. आम्ही तिघी वर्षाच्या अंतराने लुगड्यात गेलो. मला टेलिफोन ऑफिसात ऑपरेटरची नोकरी लागली आणि मी दोन वर्षांत साडीवर आले. एलिसा विमानात बसताना जी साडी नेसली ती पुन्हा लुगड्याकडे वळलीच नाही. क्लारा नवऱ्याच्या, रोनाल्डच्या वाडीत राबत होती. पानवेली, केळी, पावसाळ्यात दुधी-पडवळ. पहाटे पाटाचं पाणी फिरवायचं, केळीची खुंटं काढायची, दुपारी पाटी घेऊन बाजार. चिखलात गुडघाभर उभं राहायला लुगड्यासारखं दुसरं काही नाही असं ती म्हणायची. यात परंपरा वगैरे काही नव्हतं. लोक आता तिच्याकडे येऊन फोटो काढतात आणि तुम्ही संस्कृती जपलीत म्हणतात, तेव्हा ती त्यांना सांगते, मी काही जपलं नाही, मला बदलायला वेळ झाला नाही.

पण तेही पूर्ण खरं नाही. वेळ नंतर पुष्कळ होता. रोनाल्ड वारल्यावर अर्धी वाडी पडीकच राहिली. सून म्हणून ज्या बायका आळीत आल्या त्या सगळ्या पंजाबी ड्रेसात आल्या, त्यांच्या सासवा गाऊनमध्ये गेल्या, आणि क्लारा आहे तिथेच राहिली. ती हट्टी आहे. आणि त्या हट्टाला एक तारीख आहे.

ॲनिशा आमच्या आळीतली इंग्रजी शाळेत गेलेली पहिली मुलगी. तिसरीत असताना पालकांची सभा होती. क्लारा बाजार उरकून तशीच गेली, लुगड्यात, पाटी गेटपाशी ठेवून. वर्गातल्या मुलींनी ॲनिशाला विचारलं, तुमची कामवाली आली का? मुलं निर्दय असतात, त्यात नवल नाही. संध्याकाळी ॲनिशाने दप्तर टाकलं आणि म्हणाली, “मम्मी, तू परत शाळेत येऊ नको. यायचं तर साडी नेसून ये.”

मी तिथेच होते. क्लारा भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. “बरं,” एवढंच म्हणाली.

त्यानंतर ॲनिशा दहावी होईपर्यंत क्लाराने शाळेचं गेट पाहिलं नाही. साडीही नेसली नाही. दुसरी एखादी रडली असती, भांडली असती, नाहीतर पोरीसाठी साडी नेसून गेली असती. क्लाराने आठ वर्षांच्या पोरीचं बोलणं कोर्टाच्या निकालासारखं पाळलं. आणि दर वर्षीच्या सभेला, बक्षीस समारंभाला मला पाठवू लागली. मी गॉडमदर, मी साडी नेसते, मला इंग्रजी समजतं. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

मला आणि मार्कला मूल नाही. हे मी सहसा बोलत नाही, पण इथे बोलल्याशिवाय पुढचं कळणार नाही. जानेवारीत बक्षीस समारंभ असायचा. मी निळी साडी नेसायचे, खांद्याला पर्स लावायचे, आणि पहिल्या रांगेत ‘पालक’ लिहिलेल्या खुर्चीवर बसायचे. बाजूची बाई विचारायची, तुमची मुलगी का? पहिल्या वर्षी मी म्हटलं, नाही, धर्मकन्या. दुसऱ्या वर्षी मी हो म्हटलं.

चौथीच्या समारंभानंतर घरी येताना, सायकलच्या मागच्या सीटवरून ॲनिशा म्हणाली, “मावशी, मम्मीला सांग, पुढच्या वर्षी ती आली तरी चालेल. लुगडं नेसून आली तरी चालेल. मला स्वतःला सांगायला लाज वाटते.”

मी सांगते म्हटलं.

सांगितलं नाही. त्या दिवशी क्लारा कामात होती. दुसऱ्या दिवशी मी कामात होते. मग आठवडा गेला, आणि पुढच्या जानेवारीत निळी साडी काढताना मला कळलं की मला सांगायचंच नव्हतं. मी पगार घ्यायचे तो लोकांचं बोलणं एकमेकांपर्यंत पोचवण्याचा. आणि हा एक निरोप मी गिळला. ॲनिशा त्या वर्षी स्टेजवरून दोन-तीनदा गेटकडे बघत होती. पुढे तिने बघणं सोडलं. तिला वाटलं असणार, मम्मीने ऐकलं आणि तरी ती आली नाही. क्लाराला वाटत राहिलं, पोरीला माझी लाज वाटते. दोघी एकमेकींना जपून बोलत राहिल्या, सणाला गोडधोड झालं, ॲनिशाचं लग्न झालं, तिला मुलं झाली, आणि ही गोष्ट दोघींच्या मध्ये तशीच पडून राहिली. ती मी तिथे ठेवली होती. अडतीस वर्षांत मी हे मार्कलाही सांगितलं नाही.

बॉलच्या आदल्या रविवारी मी आणि एलिसा क्लाराकडे गेलो. आमचा वेश ठरला होता. आम्ही दोघी लुगडं सोडलेल्या बायका, तेव्हा नियमात बसत होतो. लुगडी क्लाराचीच. पण नेसायला घेतलं आणि फजिती झाली. हात सगळं विसरून गेले होते. एलिसाच्या निऱ्या पुढे यायच्या त्या बाजूला आल्या, माझं मागे खोचलेलं दोन पावलांत सुटलं.

“कुवेतला काय पडदे नेसायचीस?” क्लारा एलिसाला म्हणाली. तिने आम्हाला दोन पोरींसारखं उभं केलं, तोंडात पदराचं टोक धरून निऱ्या घातल्या, पोट आत घ्या म्हणून चापट्या मारल्या. आम्ही हसत होतो. एलिसा आरशात बघायला आतल्या खोलीत गेली आणि बराच वेळ आलीच नाही, बहुतेक मोबाइलवर स्वतःचे फोटो काढत होती.

“तुझी ती निळी साडी आहे का गं?” क्लाराने मला विचारलं. “शाळेत जायचीस ती.”

“ती कधीच फाटली.”

“मग तसलीच दुसरी दे. आणि पर्स. खांद्याला लावायची.”

“कशाला?”

“बॉलला. तू माझं लुगडं नेसतेस, मी तुझी साडी नेसते.” ती माझ्या निऱ्या सारख्या करत होती, तिचा चेहरा मला दिसत नव्हता. “पोरीला शाळेत जशी आई पाहिजे होती ना, तशी एकदा बघू दे तिला. इतिहासच पाहिजे तर तो घे म्हणावं.”

तिच्या आवाजात राग नव्हता. ती गंमत ठरवत होती, आणि गमतीतून कुठेतरी पोरीशी तडजोडच करायला निघाली होती. तेव्हाच सांगायला हवं होतं. एलिसा आत होती, पडवीत आम्ही दोघीच होतो, पाच मिनिटांचं काम होतं. मी म्हटलं, निळीत एक रेशमी आहे, ती देते.

शनिवारी पाच वाजता बॉल सुरू झाला. हॉलच्या दारातच तीन पोर्तुगीज कप्तान उभे होते, तिघांच्याही अंगरख्याला कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीचे पडदे लागले होते. गळ्यातली झालर कागदी प्लेटांची. पगडी बांधलेले दोन मराठे सरदार त्यांच्याबरोबर सेल्फी घेत होते. एल्रॉय नावाचा आमच्या आळीतला एक महाभाग आपल्या बापाची बेलबॉटम घालून आला होता आणि हाही इतिहासच असं सगळ्यांना पटवत होता. आमच्या वयाच्या पाचसहा जणी लुगड्यात होत्या. सगळ्या सारख्या खोचलेलं चाचपत होत्या.

क्लाराला कुणी ओळखलं नाही. मी खरंच सांगते, जन्मभर शेजारी राहिलेल्या माणसांनी ओळखलं नाही. साडीत ती बारीक दिसत होती आणि थोडी घाबरल्यासारखी. पायात साडी अडकेल म्हणून लहान लहान पावलं टाकत होती. रोज पाटी घेऊन तरातरा चालणारी बाई ती. भिंतीकडेच्या खुर्चीवर बसून तिने पर्स मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरली. मी अगदी तशीच बसायचे.

मी तिच्यासाठी सरबत आणायला टेबलाकडे गेले. तेवढ्यात मागून माझ्या खांद्यावर हात पडला.

“मम्मी,” ॲनिशा म्हणाली. “आलीस. लुगड्यातच आलीस.”

मी वळले. ती स्वतःही लाल लुगड्यात होती, मोबाइलवर बघून नेसलेली, जागोजागी सेफ्टीपिना. मला बघून तिचा चेहरा आधी गोंधळला. मग तिची नजर माझ्यामागे गेली. क्लारा खुर्चीवरून उठून लहान पावलं टाकत आमच्याकडे येत होती.

“नमस्कार,” क्लारा म्हणाली. तिने हे घरून पाठ करून आणलं होतं, मला कळलं. “मी ॲनिशाची आई. सभेला आले आहे. अभ्यास कसा चाललाय तिचा?”

आपली मुलगी हसेल अशी तिची खात्री होती. एलिसा हसलीही. ॲनिशा नुसती बघत राहिली, त्या साडीकडे, पर्सकडे, मग माझ्याकडे.

“काय गं? अशीच पाहिजे होते ना मी?” क्लारा म्हणाली.

“मम्मी, मी आठ वर्षांची होते.”

“मला माहीत आहे, बाय. मी रागावले नव्हते.”

“मग आली का नाहीस?” ॲनिशा म्हणाली. हॉलमध्ये गाणं चालू होतं, तरी तिचा आवाज आसपासच्या दोघातिघांना ऐकू गेला असावा. “मी सांगितलं होतं ना, ये म्हणून? लुगड्यातच ये म्हणून? मी सहा वर्षं वाट बघितली. आज मला स्टेजवरून तुझी माफी मागायची होती. मला वाटत होतं, तू मला अजून माफ केलेलं नाहीस.”

“कधी सांगितलंस?” क्लारा म्हणाली. “मला कुणी काही सांगितलं नाही.”

ॲनिशाने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. ती हुशार आहे, आणि त्या एका नजरेत तिला सगळं समजलं. मी पाहिलं की तिला समजलं. मग ती क्लाराकडे वळली आणि शांतपणे म्हणाली, “कदाचित मी सांगितलं नसेल. लहान होते, सांगायचं नुसतं मनात असेल. मलाच नीट आठवत नाही.”

ती मला वाचवत होती. माझ्या मांडीवर बसून पाढे शिकलेली पोर मला तिच्या आईसमोर वाचवत होती, आणि त्यासाठी पुन्हा एकदा सगळं स्वतःवर घेत होती. मी गप्प राहिले असते तर गोष्ट तिथे मिटली असती. क्लाराने तिला जवळ घेतलं असतं आणि आम्ही चौघी नाचायला गेलो असतो.

“ती खोटं बोलते आहे,” मी म्हटलं. “माझ्यासाठी. तिने निरोप दिला होता क्लारा, चौथीत असताना. माझ्याकडे दिला होता. मी तुला सांगितला नाही.”

“विसरलीस?”

“नाही.”

क्लाराने खांद्यावरची पर्स सावरली. स्टेजवर कॅल्विन माइकमध्ये सगळ्यांना जोड्या करायला सांगत होता. एलिसाने माझा दंड धरला होता, मला पडू द्यायचं नाही म्हणून की बोलू द्यायचं नाही म्हणून, कोण जाणे.

“का?” क्लाराने विचारलं.

“तिथे मला खुर्ची मिळायची,” मी म्हटलं. “तुमची मुलगी का म्हणून विचारायचे. मी हो म्हणायचे.”

दुसरं काही कारण नव्हतं. असतं तर मी दिलं असतं. क्लाराने खांद्यावरची पर्स काढली आणि माझ्या हातात दिली. मग तिने ॲनिशाच्या कमरेपाशी सुटायला आलेलं लुगडं बघितलं, खाली वाकून दोन पिना काढल्या, ते नीट खोचलं, आणि तिचा हात धरून दाराकडे निघाली. दारातून ती एकटीच परत आली.

“बुधवारपासून उपवासकाळ,” ती मला म्हणाली. “चाळीस दिवस माझ्या दारात पाऊल टाकायचं नाही. फादरकडे जाऊन पाप सांगशील आणि तीन प्रार्थना म्हणून मोकळी होशील तू. मला ते चालणार नाही. ही माझी शिक्षा.”

मी मान डोलावली. ती लहान पावलं टाकत गेली.

चाळीस दिवस मोठे असतात. बासष्ट वर्षांत आम्ही एकमेकींकडे गेलो नाही असा आठवडा गेला नव्हता. देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, ती पुढच्या बाकावर बसायची आणि मी मागून तिचं लाल लुगडं बघायचे. ती वळून बघत नसे. शुक्रवारी क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेला आम्ही एकाच रांगेत चाललो, मध्ये सहा माणसं. मी तिसऱ्याच दिवशी मार्कला सगळं सांगितलं. तो ऐकून म्हणाला, “मला म्हणाली असतीस तर मीही एखाद्या वर्षी आलो असतो बघायला.” मग आम्ही दोघंही जेवलो नाही. मूल नसल्याचं दुःख आम्ही वेगवेगळं भोगलं, हे त्या दिवशी कळलं.

एलिसाने मध्यस्थी करून बघितली. तिला मी म्हटलं होतं, क्लाराला एवढंच विचार, तिची तब्येत बरी आहे का. क्लाराने तिला पडवीतूनच परत पाठवलं. म्हणाली, “तिचे निरोप आणू नको. मधल्या माणसांवरचा माझा विश्वास उडाला आहे.” एलिसाने हे मला जसंच्या तसं सांगितलं. आमच्यात निदान एक जण तरी निरोप नीट पोचवणारी आहे.

ईस्टरच्या सकाळी चर्चमधली मिस्साची प्रार्थना झाल्यावर मी घरी न जाता सरळ क्लाराकडे गेले. हाकलून दिलं तर देऊ दे, असं मनाशी ठरवलं होतं. शिक्षा पूर्ण झाली होती. माफी मिळेल असं काही कुणी म्हटलं नव्हतं. मागचं दार उघडं होतं. चुलीवर मटण शिजत होतं, ॲनिशा कांदा चिरत होती, क्लारा पाटावर बसून भाकऱ्या थापत होती. मला बघून तिचे हात थांबले नाहीत.

“बस,” ती म्हणाली.

मी बसले.

“मला तुझी माफीबिफी नको. तुझ्या डोळ्यांतलं पाणीही नको, ते मी देवळात चाळीस दिवस पाहिलं.” म्हणजे ती बघत होती. “मला ती आठ वर्षं पाहिजेत. तुझ्याकडे आहेत, माझ्याकडे नाहीत. पहिल्यापासून सांग. तिसरीत तिने काय घातलं होतं?”

मी ॲनिशाकडे पाहिलं. तिने कांद्याचा हात डोळ्याला लावला आणि म्हणाली, “सांग ना मावशी. मलाही आठवत नाही.”

मला सगळं आठवत होतं. “पिवळा फ्रॉक,” मी म्हटलं. “तू शिवलेला. पण पायमोजे दोन वेगळे होते, एक पांढरा आणि एक मळका पांढरा. अक्षराचं बक्षीस होतं. नाव पुकारल्यावर ही उलट्या बाजूने स्टेजवर चढली, सिस्टरने हाताला धरून वळवली. मग ही बक्षीस घेतल्यावर वाकून नमस्कार करायला विसरली, खाली उतरून आली, आणि आठवलं म्हणून परत वर जाऊन वाकून आली. सगळे हसले.”

“वाईट हसले?”

“नाही. चांगलं हसले.”

क्लाराने तव्यावरची भाकरी उलटली. “टाळ्या वाजवल्यास?”

“वाजवल्या.”

“मोठ्याने?”

“सगळ्यांच्या थांबल्या तरी वाजवत होते. बाजूच्या बाईने वळून बघितलं.”

क्लाराने चुलीतलं लाकूड आत सारलं. मग तिने पदराने तोंड पुसलं, पिठाचा नवा गोळा हातात घेतला, आणि म्हणाली, “चौथीचं सांग.”